सायकलचा दांडा ढिला झाला तेव्हा

भीमेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या, शिरूरच्या आणि दौंडच्या सगळ्या बचत गटांतल्या सख्यांना आमचा नमस्कार. आज हप्त्याचं, व्याजाचं, बँकेच्या कागदांचं काही बोलणार नाही. आज सायकलबद्दल बोलायचं आहे, आणि तेही तिच्या एकाच भागाबद्दल. पायडल ज्या लोखंडी दांड्याच्या टोकाला बसवलेलं असतं, तो दांडा. दुकानात त्याला क्रँक म्हणतात. आम्ही घरी दांडाच म्हणतो, तर आजही दांडाच म्हणू.

तुमच्यातल्या काहीजणी आत्ता हसल्या असतील. आम्हीही हसलो होतो. पण त्या वीतभर दांड्यापायी आमच्या एका वस्तीवरची मुलगी सव्वीस दिवस शाळेत गेली नाही. तेव्हा ऐका.

आमच्याकडची वस्ती कशी असते ते तुम्हांला सांगायला नको. गाव एकीकडे, रान एकीकडे, आणि घरं रानात. डांबरी रस्त्यापर्यंत यायचं तर अडीच-तीन किलोमीटर उसातून, कॅनॉलच्या कडेनं. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट मिळतो, फार चांगली गोष्ट आहे, पण एसटी काही उसात शिरत नाही. आठवीपर्यंतची शाळा बहुतेक ठिकाणी जवळपास असते. शिक्षण हक्काचा कायदाही सहा ते चौदा वर्षांपर्यंतचाच, म्हणजे आठवीपर्यंतचा. खरा प्रश्न नववीला सुरू होतो. हायस्कूल लांब, मुलगी मोठी झालेली, आणि घरच्यांच्या मनात शंभर विचार. त्या वेळी मुलगी आणि शाळा यांच्यामध्ये जे काही टिकून असतं ती सायकल असते.

ही मुलगी नववीत होती. घरातली थोरली. सायकल चुलतभावाची जुनी, काळी, उंच, दांडीची. जिल्हा परिषदेकडून मुलींना सायकली मिळतात, पण हिचा नंबर लागला नव्हता. रोज जाऊन-येऊन चौदा किलोमीटर. जाताना मागे धाकटी बहीण, येताना कॅरिअरवर घासाची पेंढी. एक दिवस डाव्या पायाखाली टक् असा आवाज यायला लागला. पायडलच्या प्रत्येक फेरीला एकदा टक्. वडिलांनी ट्रॅक्टरवर टाकून सायकल बाजारच्या गावी नेली. तिथल्या मिस्त्रीनं पिन बदलली, हातोडी मारली, वीस रुपये घेतले. आठवड्यात परत टक्. परत नेली, परत पिन, परत वीस रुपये. तिसऱ्या वेळेला भर रस्त्यात दांडा निसटला, मुलगी पडली, गुडघा फुटला. मागून उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर येत होता. ड्रायव्हरनं वेळेवर ब्रेक मारला म्हणून बरं. त्या दिवशी वडिलांनी सायकल गोठ्याच्या मागं उभी केली आणि म्हणाले, राहू दे आता शाळा थोडे दिवस, कांद्याची लागण उरकू दे.

थोडे दिवस म्हणजे किती दिवस, हे आपल्याला माहीत आहे बायांनो.

आम्हांला हे कळलं ते गटाच्या मासिक बैठकीत. मुलीच्या आईनं अंतर्गत कर्जातून सहा हजार मागितले. कारण काय लिहायचं, म्हटल्यावर ती म्हणाली, नवी सायकल. आमच्यातली जी बी.ए. झालेली आहे, वही तीच लिहिते, तिनं पेन थांबवलं आणि विचारलं, जुनीला काय झालं वहिनी? त्या म्हणाल्या, पायडलला रोग झालाय. त्यावर आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या मावशी म्हणाल्या, गायीला रोग झाला तर आपण गाय बदलतो का आधी?

बैठक संपल्यावर आम्ही सातजणी वस्तीवर गेलो, सायकल बघायला. खरं सांगायचं तर बघून आम्हांला काहीच कळलं नाही. दांडा हलत होता, एवढं दिसलं. घरातले एक आजोबा म्हणाले, आता बायका सायकल खोलणार का? राग आला, पण उत्तर नव्हतं. कारण खोलायचं कसं ते खरंच येत नव्हतं.

परत येताना त्यावरच बोलत होतो. कुकरची शिट्टी आपण खोलतो, शिलाई मशीनचा पट्टा चढवतो, फवारणी पंपाचा वायसर बदलतो, पिठाची गिरणी चालवणाऱ्या तीन बाया आमच्याच गटात आहेत, त्या जात्याला टाकी स्वतः लावतात. मग सायकलनंच काय पाप केलंय? आणि आपल्या दौंड तालुक्यातच केडगाव आहे. पंडिता रमाबाईंनी तिथं मुक्ती सदन उभं केलं, दुष्काळातल्या, टाकलेल्या, विधवा बायकांना आसरा दिला. सव्वाशे वर्षांपूर्वी तिथल्या बायका छापखाना चालवत होत्या, शिशाचे खिळे जुळवत होत्या. केडगावच्या स्टेशनावरून आपण कितीदा गेलो असू, पण हे आपल्या डोक्यात येत नाही.

लांबचं आणखी एक सांगतो. तमिळनाडूत पुदुकोट्टई नावाचा जिल्हा आहे. तिथं १९९०च्या सुमाराला साक्षरतेची मोहीम निघाली आणि लिहायला-वाचायला शिकण्याबरोबर बायका सायकल शिकल्या. शेतमजूर बाया, खाणीवर काम करणाऱ्या बाया. १९९२च्या महिला दिनाला दीड हजारावर बायका हँडलला झेंडे लावून, घंट्या वाजवत पुदुकोट्टई शहरातून गेल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याबद्दल लिहिलं आहे. त्यातली आम्हांला आवडलेली गोष्ट अशी की लेडीज सायकली पुरेनात, तर त्या बायांनी जेंट्स सायकली घेतल्या, आणि मग म्हणायला लागल्या की हीच बरी, पुढच्या दांडीवर पोर बसवता येतं. बिहारमध्येही २००६ साली सरकारनं नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली आणि हायस्कुलात मुली वाढल्या. हे सगळं चांगलंच आहे. फक्त सायकल दिल्याचा फोटो निघतो, दोन वर्षांनी तिचा दांडा ढिला होतो तेव्हा तिथं कोणी नसतं.

असो. दौंडला रेल्वेच्या बाजूला एक जुने सायकल मिस्त्री राहतात. सत्तरी ओलांडलेली, दुकान मुलानं मोबाइलचं केलंय. आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांना वाटलं, आम्ही वर्गणी मागायला आलोय. शिकवा म्हटल्यावर आधी नाही म्हणाले, मग म्हणाले, दोन दुपारी देतो, सायकल घेऊन या, पण हात काळे होतील. आम्ही म्हटलं, दादा, चुलीनं आधीच काळे आहेत.

आता इथून पुढं ज्यांच्या दारात सायकल आहे त्यांनी ती जवळ ओढून घ्या, म्हणजे बोलणं डोळ्यांपुढं राहील.

आधी रोग ओळखायचा. दोन्ही हातांनी दोन्ही दांडे धरा आणि बाजूला, आत-बाहेर हलवून बघा. दोन्ही दांडे एकदम, एकाच वेळी हलले तर दोष मधल्या कटोरीत आहे, म्हणजे आतल्या छर्‍यांत. एक दांडा घट्ट आहे आणि दुसरा एकटाच हलतोय, तर दोष त्या दांड्याच्या पिनेत किंवा दांड्यातच आहे. मिस्त्री म्हणाले, निम्मे लोक इथंच चुकतात. कटोरी ढिली असते आणि पिनेवर हातोडी मारत बसतात.

आपल्याकडच्या जुन्या पद्धतीच्या काळ्या सायकलींना दांडा एक्सलवर कॉटर पिनेनं धरलेला असतो. ही पिन करंगळीएवढी. तिच्या एका बाजूला उतरता सपाट काप असतो, आणि बारीक टोकाला नटासाठी आटे. एक्सलच्या टोकालाही एक सपाट खाच असते. पिनेचा सपाट काप एक्सलच्या सपाट खाचेवर बसला की दांडा घट्ट. पाचर कशी मारतो आपण कुऱ्हाडीच्या दांड्यात, तसंच. नट फक्त पाचर मागं येऊ नये म्हणून आहे. नट आवळून पिन ओढून घ्यायची नसते, पिन हातोडीनं बसवायची आणि नटानं राखायची. आम्हांला हे कळलं तेव्हा वाटलं, अरे, ही तर पाचर आहे, हे तर आपल्याला येतं.

मग त्या मुलीच्या सायकलला दोनदा पिन बदलूनही फरक का पडला नाही? मिस्त्रींनी दांडा काढून आमच्या हातात दिला आणि म्हणाले, भोकात बोट घाला. भोक गोल राहिलंच नव्हतं. अंड्यासारखं झालं होतं. ढिल्या पिनेवर सायकल चालवली की दर पावलाला दांडा एक्सलवर आपटतो, आणि दोन्हीचं लोखंड खाल्लं जातं. एक्सलची खाचही कडेनं झिजली होती. अशा भोकात सोन्याची पिन घातली तरी राहणार नाही. तिथं नवा दांडाच पाहिजे. दोन वेळा पिन मारणाऱ्या त्या मिस्त्रीनं एकदा भोकात बोट घातलं असतं, तर पोरीचे सव्वीस दिवस वाचले असते. त्याला दोष देऊन काय उपयोग म्हणा, पण मनात येतंच.

डावा दांडा सुटा मिळतो, उजव्याला दातांचं मोठं चाक जोडलेलं असतं. आम्ही डावा दांडा, एक्सल, दोन पिना आणि छर्रे आणले. सगळं मिळून तीनशेच्या आत. कर्ज मागितलं होतं सहा हजार, हे लक्षात ठेवा.

जुनी पिन काढायची ती अशी. आधी सांध्यावर डिझेलचे चार थेंब सोडायचे आणि चहा प्यायचा. मग नट उलटा फिरवत पिनेच्या टोकाबरोबर आणायचा, पूर्ण काढायचा नाही, म्हणजे हातोडीनं आटे चेपत नाहीत. आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. दांड्याखाली आधार द्यायचा. लोखंडी पाइपचा तुकडा जमिनीवर उभा करून त्यावर दांडा टेकवायचा, असा की पिनेचं जाड डोकं पाइपच्या पोकळीत उतरेल. आधार न देता मारलं तर हातोडीचा सगळा मार आतल्या छर्‍यांना बसतो, कटोरीत खड्डे पडतात, आणि पिन निघते पण सायकल कायमची घर्रघर्र करते. एक दणका, नेमका आणि जोराचा. दहा हलके मारू नका, त्यानं पिन वाकते. आमच्या मावशींनी एका दणक्यात पिन काढली. त्या बोलल्या, एवढा राग होता आमच्यात, दादा.

एक्सल बदलायचं म्हणून आम्ही दोन्ही दांडे काढले. डावीकडं एक मोठी चकती असते, ती सोडवली की डावी कटोरी फिरून बाहेर येते. उजवीकडची कटोरी शक्यतो काढू नका. तिचे आटे उलटे असतात, आपण सोडवतोय समजून आवळत बसतो. छर्रे पाव इंचाचे, एकेका बाजूला अकरा. खाली जुनी साडी अंथरा, नाहीतर अकराचे नऊ होतात आणि दोन कोंबडी खाते. कटोरीत ग्रीस भरायचं, छर्रे त्यात चिकटवायचे, एक्सलची लांब बाजू चेनकडं ठेवून आत सोडायचं. डावी कटोरी हातानं घट्ट होईपर्यंत फिरवायची, मग किंचित मागं. एक्सल बोटानं भिरभिर फिरलं पाहिजे पण हलता कामा नये. हा मेळ बसायला आम्हांला पहिल्या दिवशी पाऊण तास लागला. आता पाच मिनिटं लागतात.

मग दांडे. इथं एक खोड आहे, ती नीट ऐका. दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेनं घालायच्या असतात. ओळखायचं असं: उजवा दांडा पुढच्या चाकाकडं करा, त्याच्या पिनेचा नट वर आहे का खाली ते बघा. आता दांडे अर्धा फेरा फिरवून डावा दांडा पुढं आणा. त्याचाही नट त्याच बाजूला यायला हवा. उजव्याचा वर होता तर डाव्याचाही वर. असं नसेल तर दोन दांडे एका रेषेत येत नाहीत, थोडे वाकडे राहतात. आम्ही पुढं दुसऱ्या एका सायकलला ही चूक केलीच. मुलगी फिरवून आली आणि म्हणाली, ताई, माझा एक पाय लंगडतोय. आम्ही तिचा पाय बघायला लागलो. पायाला काही नव्हतं, सायकलच लंगडत होती.

पिन हातानं सरकवा. सपाट काप एक्सलच्या खाचेवर आलाय ना ते बघा. दुसऱ्या टोकाला नट बसण्याइतके आटे बाहेर यायला हवेत. येत नसतील तर कानशीनं सपाट बाजू थोडी घासा, पण सरळ घासा, मध्ये फुगवटा ठेवू नका. उलट पिन सगळीच आत जात असेल तर ती बारीक आहे, परत करा. पिना वेगवेगळ्या जाडीच्या येतात, म्हणून दुकानात जाताना जुनी पिन ओच्यात बांधून न्याच. मग खाली पुन्हा तोच पाइपचा आधार, या वेळी नटाच्या बाजूला, आणि डोक्यावर तीन-चार चांगले दणके. मग नट आवळायचा.

आणि काम इथं संपत नाही. सायकल दोन किलोमीटर चालवून आणायची, परत आधार देऊन दोन दणके, परत नट आवळायचा. नवी पिन पहिल्या फेरीत थोडी बसतेच. बहुतेक दुकानांत हे होत नाही, कारण गिऱ्हाईक पैसे देऊन निघून जातं. आम्ही मुलीला सांगितलं, शाळेत पोचलीस की काही करू नको, पण घरी आलीस की आमच्याकडं ये. चार दिवस ती रोज आली.

पायडलचंही सांगून टाकतो, कारण आमचं सगळ्यात मोठं नुकसान तिथं झालं. पायडल डावं वेगळं, उजवं वेगळं. डाव्याचे आटे उलटे असतात, चालताना ते आपोआप सुटू नये म्हणून. टोकाला इंग्रजी एल आणि आर ही अक्षरं कोरलेली असतात. आम्ही घाईत आर लिहिलेलं डाव्या दांड्यात घातलं. दोन फेरे गेलं, मग जाईना. आमच्यातली एक ताकदीची, तिनं पाना धरून जोर लावला आणि गेलं की आत. नव्या कोऱ्या दांड्याचे आटे सपाट. तो दांडा आजही आमच्या पेटीत आहे, नव्या बायकांना दाखवायला. तेव्हा खूण लक्षात ठेवा: पाना वरून लावायचा, बसवताना पुढच्या चाकाकडं ढकलायचा, काढताना मागच्या चाकाकडं. दोन्ही बाजूंना हेच. आणि सुरुवातीचे तीन-चार फेरे बोटांनीच गेले पाहिजेत. जोर लागला की थांबा, काहीतरी चुकतंय.

आता नव्या सायकलींचं. जाड टायरच्या, गिअरच्या ज्या येतात त्यांत पिन नसते. एक्सलचं टोक चौकोनी असतं आणि दांड्याला चौकोनी भोक, वरून एक बोल्ट. तो दांडा हातोडीनं काढायचा नाही. त्याला पुलर नावाचं हत्यार मिळतं. ते दांड्याच्या आट्यांत हातानं अगदी तळापर्यंत फिरवून घ्यायचं आणि मगच पान्यानं दाब द्यायचा, अर्धवट फिरवून दाब दिला तर आटे उपटून येतात. या दांड्याचा बोल्ट ढिला झाला आणि तशीच सायकल दोन दिवस चालवली तर चौकोनी भोक गोल होतं, आणि मग कितीही आवळा, दांडा टाकूनच द्यावा लागतो. ॲल्युमिनियम मऊ असतं. म्हणून आवाज आला की उतरायचं, ढकलत आणायची, पण चालवायची नाही.

मिस्त्रींच्या नातवानं आम्हांला मोबाइलवर एक खेळ दाखवला, ट्रायल्स म्हणतात. पोरं सायकलवरून दगडांवर उड्या मारतात, पाय खाली टेकवायचा नाही. सगळं वजन दोन दांड्यांवर आपटतं, म्हणून त्या सायकलींचे दांडे फार मजबूत घेतात आणि बसवताना डोळ्यांत तेल घालून बसवतात. आम्ही बघत होतो आणि मावशी म्हणाल्या, त्यात काय, आमची पोर बहिणीला मागं घेऊन, घासाची पेंढी बांधून, कॅनॉलच्या चरातून उभ्यानं सायकल काढते, तिचा दांडा पण मजबूतच पाहिजे की. आम्हांला ते पटलं. खेळातल्या पोराचा दांडा तुटला तर हेल्मेट असतं. इथं मागून उसाची ट्रॉली असते.

ती मुलगी सत्ताविसाव्या दिवशी शाळेत गेली. लगेच सगळं गोड झालं असं नाही. तिमाही बुडाली होती, गणिताच्या मॅडमनी शनिवारी थांबवून घेतलं म्हणून निभावलं. वडील अजून म्हणतात, दहावी झाली की बघू. बघू म्हणजे काय, ते आम्ही दर बैठकीत त्या वहिनींना विचारतो.

पण दुसरंही सांगायला हवं. हे शिकल्यावर आम्ही वस्त्यावस्त्यांवर विचारत फिरलो, कुणाची सायकल बंद पडलीय का म्हणून. एका ठिकाणी म्हणाले, होती, भंगारात दिली. का? दांडा निघाला होता. ती मुलगी दहावीत होती, पावसाळाभर सायकल उभी राहिली, मग नाव कमी झालं. आता ती आईबरोबर कांदा काढायला जाते. आम्ही तिला सतरा नंबरच्या फॉर्मचं सांगितलं, म्हणजे बाहेरून दहावीला बसता येतं. ती हो म्हणाली आहे. फॉर्म अजून भरलेला नाही. तिच्या दारातून आम्ही तीनशे रुपयांचा विचार करत परत आलो.

गटाच्या ठरावानं आम्ही पेटी केली. दोन हातोड्या, पाने, कानस, पाइपचा तुकडा, पुलर, ग्रीसचा डबा, पंपही. खर्च गटाच्या शिलकेतून, ठराव वहीत, सह्या सगळ्यांच्या. दोनजणी हो म्हणत नव्हत्या, त्यांचं म्हणणं होतं गटाचा पैसा शेळीसाठी ठेवा, शेळी पिल्लं देते. त्यांचं चूक नव्हतं. शेवटी ठरलं की पेटीचा पैसा कर्ज म्हणून धरायचा आणि मजुरीतून फेडायचा. शाळेच्या मुलींना फक्त सामानाचे पैसे, बाकीच्यांना दांड्याला पन्नास रुपये मजुरी. दूधवाले येतात, कारखान्याच्या कामावर जाणारे येतात. ते आजोबाही आले, नातवाची सायकल घेऊन. पन्नास रुपये घेतले त्यांच्याकडून, पुरते.

आजपर्यंत बावीस सायकलींचे दांडे बसवले. त्यांतले तीन परत ढिले झाले, ते फुकट करून दिले. एकीची फ्रेमच मधल्या नळीपाशी चिरली होती, तिला वेल्डिंग लागतं, ते आम्हांला येत नाही.

ज्या गटांना शिकायचं असेल त्यांनी आपल्या समन्वयक ताईंकडून निरोप धाडा. आम्ही दोघी-तिघी येतो, दुपारी एकनंतर, धारा काढायच्या आत परत जायचं असतं. येताना पेटी आणतो. तुम्ही एवढंच करा: गावातली एक बंद पडलेली सायकल शोधून ठेवा, तिच्या सांध्यावर आदल्या रात्री डिझेल सोडा, आणि एक जुनी साडी काढून ठेवा, जी काळी झाली तरी चालेल अशी.